अकरा नंबरचं पातं

गुडगाव,
१० जून १९९८

ती. विनयाताईंना,
स्वरूपाचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की वीज जाते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा वीज गेली की शेजारी एकमेकांना विचारायचे, "गेली का?" इथे विचारतात, "आली का?" सोसायटीत लिफ्ट आहे, पण आम्ही पाचव्या मजल्यावर जिन्यानेच चढतो. मध्येच अडकलो तर काढायला एकटा चौकीदार. असो. घर आपलं आहे. शार्दूलने सरकारी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही त्याच्याशी किती दिवस धड बोलत नव्हता, ते मला आठवतं. एकदा येऊन हे घर बघा म्हणजे राग जाईल.

तुम्ही विचारलं होतं की मी कारखान्यात नेमकं काय करते. ऑपरेशनचं पातं आमच्याकडे पोलादाच्या लांब पट्टीतून निघतं. पट्टी भट्टीतून जाते, तिला धार लावतात, मग तिची पाती सुटी होतात. हे सगळं शार्दूलच्या हाताखाली. ती पाती माझ्याकडे आली की मी त्यातली काही उचलून तपासते. ताणून बसवलेल्या पातळ पडद्यावर धार टेकवायची आणि किती वजनाला पडदा फाटतो ते बघायचं. कडकपणा मोजायचा. पातं वाकवून बघायचं. मग पांढऱ्या टोप्या घातलेल्या माझ्या मुली एकेक पातं फॉइलमध्ये बंद करतात. टोक फॉइलला आतून टोचलं तर निर्जंतुक केलेलं सगळं वाया, म्हणून मी त्या मुलींच्या मागे सारखी भुणभुण करते.

ऑगस्टमध्ये हॉलंडहून मोठी गिऱ्हाइकं कारखाना बघायला येणार आहेत. आमचे मालक मेहंदीरत्ता साहेब रोज एकदा तरी म्हणतात, "शार्दूल बेटा, ये हो गया तो समझो सब हो गया." शार्दूल घरी येतो, जेवतो, पण त्याचं लक्ष ताटात नसतं. परवा भाजीत मीठ नव्हतं, त्याला कळलंसुद्धा नाही.

तुमच्या शब्दावर कराडच्या तुमच्या हॉस्पिटलने आमची पाती घ्यायला सुरुवात केली, त्याचा त्याला फार अभिमान आहे. "ताई थिएटर सांभाळते, तिच्या टेबलावर माझं पातं असतं," असं तो सगळ्यांना सांगतो. नवं अकरा नंबरचं, टोकदार, त्यानेच सुधारून काढलेलं. कसं वाटतं तुमच्या डॉक्टरांना? मोकळेपणाने कळवा.

तुमची,
स्वरूपा


कराड,
१९ जून १९९८

चि. सौ. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटीने वाच. फोन मुद्दाम केला नाही. हॉस्पिटलच्या फोनवर चार कान लागलेले असतात आणि तुमच्याकडे फोन शार्दूलच उचलतो.

अकरा नंबर कसं वाटतं म्हणून विचारलंस. मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पेशंट चंद्रप्रभाबाई, मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. कमरेखाली भूल दिली होती, त्यामुळे बाई जाग्या होत्या. आमचे मोठे सर्जन अण्णासाहेब सांध्यातली फाटलेली कूर्चा काढत होते. मध्येच त्यांचा हात थांबला. पातं बाहेर काढून त्यांनी दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "टोक नाही."

पडद्यापलीकडून बाईंनी विचारलं, "कशाचं टोक?"

मी त्यांच्या डोक्याशी जाऊन हात धरून उभी राहिले. सांधा धुतला, बोळे तपासले, एक्स-रेचं यंत्र ढकलत आणलं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा मागच्या बाजूला जाऊन बसला होता. तो काढायला दुसरी, मोठी चीर द्यावी लागली. बाई सगळं ऐकत होत्या.

बाहेर आल्यावर अण्णासाहेबांनी मीनाक्षीला धरलं. मीनाक्षी म्हणजे माझ्या हाताखालची नर्स, तिनेच पातं मुठीवर चढवलं होतं. चढवताना तिने ते चुकीचं दाबलं, तेव्हाच तडा गेला, असं ते म्हणाले. चौकशी लागली आहे. मी शेजारी होते, स्वरूपा. तिने फॉइल सोलली, चिमट्याने पातं धरलं आणि सरकवलं. मी शिकवलं आहे अगदी तसंच.

आता तू मला खरं सांग. पात्याचं टोक असं आपोआप जाऊ शकतं का? खोक्यावर बॅच ४१७ असं छापलं आहे. शार्दूलला एवढ्यात सांगू नको. आधी तुझं उत्तर येऊ दे.

विनया


गुडगाव,
२७ जून १९९८

ती. विनयाताईंना,
सा. नमस्कार.

शार्दूलला सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी बॅच ४१७ ची राखून ठेवलेली पाती काढली. कडकपणा मोजला. एकेक करून वाकवली. सगळी ठीक आहेत, ताई. वाकली, मोडली नाहीत. माझ्या टेबलावरून वाईट माल गेलेला नाही.

अकरा नंबरचं टोक नाजूक असतं. ते टोचायला आणि कापायला आहे, उचकटायला नाही. सर्जननी सांध्यात अडकवून जरा पिळलं तर कुठल्याही देशाचं पातं मोडेल. अण्णासाहेब मोठे असतील, पण आधी हात कुणाचा चुकला हे तपासायला नको का? किंवा मीनाक्षीच्याच हातून काही झालं असेल. तुम्ही शेजारी होता हे खरं, पण तुमचं लक्ष क्षणभर दुसरीकडे असू शकतं.

रागावू नका, पण एक बोलते. शार्दूलने सरकारी नोकरी सोडून या कारखान्यात यावं हे तुम्हाला कधी पटलं नाही. म्हणून इथली गोष्ट बिघडली की दोष इथलाच, असं तुमच्या मनात पटकन येत असेल. इथे तो किती मरतो हे मी रोज बघते.

मोडलेलं पातं आणि खोक्यात उरलेली असतील ती मला पाठवा. मी स्वतः बघते. पाकिटावर माझंच नाव घाला.

स्वरूपा


कराड,
५ जुलै १९९८

स्वरूपा,

शार्दूलच्या नोकरीबद्दल मला काय वाटतं ते इथे आणू नको. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याला मी वाढवलं आहे. त्याचं वाईट झालेलं मला बघवेल असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखतच नाहीस.

मीनाक्षीला सक्तीच्या रजेवर पाठवलं आहे. तिच्या घरी ती एकटी मिळवती.

आणि बुधवारी पुन्हा तेच झालं. या वेळी गळू कापताना, वरच्यावर, म्हणून तुकडा लगेच मिळाला. पातं मी स्वतः चढवलं होतं. अण्णासाहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांना माझ्या हाताला नाव ठेवता येईना आणि मीनाक्षीला रजेवर पाठवलं हे मागेही घेता येईना.

तू म्हणतेस सगळी वाकतात. मी त्याच खोक्यातली डझनभर पाती घरी आणली. ओट्यावर लाकडी पाट ठेवून चिमट्याने एकेक वाकवली. बहुतेक वाकली. दोन काचेसारखी फुटली, त्यांना जराही लवचिकपणा नव्हता. हातात घेतल्यावर सगळी सारखीच दिसतात, सगळी सारखीच चमकतात. कुठलं फुटेल हे मला ओळखता आलं नाही, आणि मी वीस वर्षं थिएटरमध्ये आहे.

फुटलेले तुकडे आणि चंद्रप्रभाबाईंच्या गुडघ्यातून काढलेलं टोक गोळ्यांच्या डबीत, कापसात गुंडाळून रजिस्टरने पाठवते आहे. खोक्यात उरलेली, न वाकवलेली पातीही आहेत. डबी उघडताना जपून.

अक्षर वाकडंतिकडं आलं आहे. चष्मा सापडत नाहीये.

विनया


गुडगाव,
१३ जुलै १९९८

ती. विनयाताईंना,
सा. न.

तुमचं बरोबर होतं. मी काय काय लिहून बसले होते ते आठवून शरम वाटते.

डबीतल्या तुकड्यांचा कडकपणा मोजला. काटा कुठल्या कुठे गेला. पोलाद आधी लालभडक तापवून झटकन थंड केलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ती पट्टी लगेच दुसऱ्या, मंद भट्टीतून नेतात. तिथे तिचा ताठा थोडा उतरतो आणि पातं मोडण्याऐवजी वाकतं. तुमच्या तुकड्यांना ती दुसरी भट्टी लागलेलीच नाही. त्याच बॅचची माझ्याकडची पाती मात्र चांगली. मला काही कळेना.

मग गुरुवारी दुपारी मी भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. वीज गेली. जनरेटर लागला, पट्टी पुन्हा चालू झाली. पहिली भट्टी लवकर तापली. दुसरीचा काटा खालीच. ती गरम व्हायला वेळ लागतो. नियम असा आहे की तो काटा खुणेवर येईपर्यंत जी पट्टी पुढे जाईल, ती कापून भंगारात टाकायची. मी बघत होते. पट्टी पुढे जात होती आणि कोणी कापत नव्हतं.

मी सुपरवायझर राघवला विचारलं, "ये टुकड़ा काटोगे नहीं?"

"छोटा कट था मैडम. छोटे में नहीं काटते."

"किसने बोला?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "साहब ने. आपके साहब ने."

त्यानंतर दुपारभरात वीज पुन्हा पुन्हा गेली. एकही तुकडा कापला नाही. हजारो पात्यांत अशी सलग येतात आणि काही खोक्यांतच जमतात, म्हणून ती माझ्या हाती लागली नाहीत. मी उचलते ती मूठभर, त्यात ती नसली की मी सही करते. माझ्या सहीने ती गेली आहेत, ताई. पंजाबपासून कोल्हापूरपर्यंत.

शार्दूलला अजून विचारलेलं नाही. रोज ठरवते. तो दमून येतो, सोफ्यावर बसतो, बूटसुद्धा काढत नाही. १० ऑगस्टला हॉलंडचे लोक येणार. हे बाहेर आलं तर कारखाना बसेल आणि नाव त्याचं जाईल. माल परत बोलवायचा अधिकार फक्त मेहंदीरत्ता साहेबांना आहे. मी काय करू ते सांगा. तुम्ही त्याच्या आईसारख्या आहात, म्हणून तुम्हालाच विचारते.

स्वरूपा


कराड,
१९ जुलै १९९८

चि. सौ. स्वरूपास,
आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि मीनाक्षी लिहिते आहे. माझ्या हाताला थोडं लागलं आहे. काळजीचं काही नाही.

आमच्या थिएटरमधून ती पाती मी काढून टाकली. अण्णासाहेबांनी विचारलं, "भावाचीच ना?" मी हो म्हणाले. पण बाकीच्या हॉस्पिटलांमध्ये कोणी विनया नाही. तिथे आज, हे पत्र लिहून होईपर्यंत, कोणीतरी फॉइल सोलत असेल.

चंद्रप्रभाबाईंचा गुडघा पूर्ण वाकत नाही. काल व्यायामाला आल्या होत्या. वेदना होत होत्या, पण ओरडल्या नाहीत, आकडे मोजत होत्या.

शार्दूलला आधी विचार. त्याच्या पाठीमागे काही करू नको. त्याला समोर बसवून हे तुकडे दाखव. तो हट्टी आहे, पण वाईट नाही. मात्र तो काहीही म्हणाला तरी पाती थांबली पाहिजेत. हे मी त्याची बहीण म्हणून सांगत नाही.

आमच्या खरेदी विभागाने तुमच्या मालकांना दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

विनया

(ता. क. हे माझं, मीनाक्षीचं. ताई सांगू देत नाहीत, पण त्यांच्याकडे घरचं कोणीतरी येऊन जावं.)


तार
२७ जुलै १९९८, गुडगाव

बॅच ४१७ ते ४२३ वापरू नका. टोक मोडण्याचा धोका. सर्व खोकी बाजूला ठेवा. स्वरूपा, चाचणी विभाग प्रमुख.


गुडगाव,
२९ जुलै १९९८

ती. विनयाताई,

तार मिळाली असेल. अशाच तारा मी सगळ्या हॉस्पिटलांना केल्या. आता काय झालं ते सांगते.

रविवारी सकाळी शार्दूल चहा घेत होता. मी डबी त्याच्यासमोर उघडून ठेवली.

"कुठल्या बॅचचं?" त्याने तुकडा बघताच विचारलं. काय आहे ते विचारलं नाही.

"चारशे सतरा. कराडहून आलंय. चंद्रप्रभा नावाच्या बाईंच्या गुडघ्यातून."

त्याने कप खाली ठेवला. "चार मिनिटांच्या कटने काही होत नाही. मी विचार केला होता. भट्टीच्या भिंतीत उष्णता राहते."

"आणि कटामागून कट आले तर? भिंत थंड होत नाही?"

मी डबीतली तीन-चार चांगली दिसणारी पाती आणि पक्कड त्याच्या हातात दिली. म्हटलं, वाकव. पहिलं वाकलं. दुसरं वाकलं. त्याचा चेहरा जरा सैल झाला. तिसरं टचकन मोडलं. तुकडा भिंतीवर आपटून कपाटाखाली गेला. आम्ही दोघंही तिकडेच बघत राहिलो.

"एप्रिलपासून वीज दिवसातून किती वेळा जाते माहितीय तुला? प्रत्येक वेळी पट्टी कापली असती तर निम्मा माल भंगारात गेला असता. साहेबांनी मला तिसऱ्या दिवशी हाकललं असतं."

"म्हणून?"

"म्हणून काय? डच येऊन जाऊ देत. मग मी एकेक खोकं गुपचूप बदलून देतो. बिल्कुल सगळी. दोन आठवडे दे मला."

"दोन आठवड्यांत किती ऑपरेशनं होतात, शार्दूल?"

"तू मला कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नकोस, यार." तो उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मग पाठ तशीच ठेवून म्हणाला, "मला विचारल्याशिवाय काही करणार नाहीस ना?"

मी काही बोलले नाही. त्याला ते 'नाही' वाटलं असावं. मी ते तसंच वाटू दिलं.

सोमवारी सकाळी मी कारखान्याऐवजी तारघरात गेले. खिडकीतल्या माणसाने एकामागून एक तोच मजकूर बघितला आणि विचारलं, "मैडम, कोई गुज़र गया क्या?" मी म्हटलं, "अभी तक नहीं."

दुपारी लुधियानाच्या एका हॉस्पिटलने मेहंदीरत्ता साहेबांना फोन केला. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. "बेटी, मेरे से पूछा तुमने?" एवढंच. मी म्हटलं, "कराड से दो चिट्ठी आई थी सर, आपने जवाब नहीं दिया." ते म्हणाले, "तो अब घर बैठो." शार्दूल माझ्या शेजारी उभा होता. तो खिडकीतून ट्रकमध्ये माल चढताना बघत होता. फाटकावर चौकीदाराने माझा पास काढून घेतला आणि "माफ करना दीदी" म्हणाला.

संध्याकाळी शार्दूल घरी आला. मी तुमची सगळी पत्रं टेबलावर ठेवली होती. त्याने वाचली. मीनाक्षीने लिहिलेलं शेवटचं पत्र त्याने परत परत वाचलं. मग विचारलं, "ताईच्या हाताला काय झालंय?" मला माहीत नव्हतं. "आणि त्याच्या आधीच्या पत्रात चष्मा सापडत नव्हता," तो म्हणाला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चौकशीत तुमचं मन खचलं असेल म्हणून मीनाक्षीने कुणाला तरी बोलावलं, असं मी धरून चालले होते.

मंगळवारी तो कामावर गेला आणि परत आला नाही. कपाटातली बॅग नाही. कुठे गेला ते मला सांगून गेलेला नाही. तिकडे आला असेल तर एक ओळ कळवा. हाताला काय झालंय तेही कळवा.

स्वरूपा


कराड,
५ ऑगस्ट १९९८

चि. स्वरूपा,
आशीर्वाद.

शार्दूल इथे आहे. बरा आहे. आधी हे, कारण तू याच ओळीची वाट बघत असशील.

हे पत्र माझ्या हातचं आहे. ओळी वर-खाली झाल्या असतील. हाताला काहीच झालेलं नाही. ओट्यावर पाती वाकवत होते तेव्हा दुसरं जे फुटलं, त्याचा कण उजव्या डोळ्यात गेला. इथल्या डॉक्टरांनी काढला. पण बुबुळावर मधोमध व्रण राहिला आहे. त्या डोळ्याने उजेड दिसतो, माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. थिएटर सुटलं. आता मला निर्जंतुकीकरणाच्या खोलीत बसवलं आहे. कात्र्या, सुया, चिमटे माझ्यासमोरून जातात, पण ऑपरेशनच्या टेबलाशी मी नाही.

तुला का नाही कळवलं? कळवलं असतं तर शार्दूलने बहिणीसाठी पाती थांबवली असती. मला ती माझ्यासाठी थांबायला नको होती. हे सांगणं सोपं आहे. खरं तर त्याला हे कळू नये असंही मनात होतं. तो लहानपणी पडला तरी आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, रडायचं की नाही ते ठरवायला.

शनिवारी तो थेट हॉस्पिटलमध्ये आला. मी स्टुलावर बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. दारात थांबून म्हणाला, "ताई, काय झालं?"

मी म्हटलं, "तुझं पातं."

तो तिथेच दाराला टेकला. मग पाणी मागितलं. प्यायला नाही, ग्लास हातात धरून उभा राहिला. मी 'असू दे' म्हणाले नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

नंतर त्याने अण्णासाहेबांची भेट मागितली. खोलीत मेट्रन होत्या, मीनाक्षीला मी बोलावून घेतलं होतं. तो उभ्याउभ्याच बोलला. "दोष भट्टीत झाला. भट्टी माझ्या हुकमाने तशी चालली. या सिस्टरचा काही संबंध नाही. हे मी लिहून देतो." अण्णासाहेब बराच वेळ पेन फिरवत बसले. मग मीनाक्षीला म्हणाले, "सोमवारपासून या." माफी मागितली नाही. मीनाक्षी बाहेर येऊन जिन्यात बसली आणि खूप रडली. शार्दूल तिच्यापाशी जायला निघाला, मी त्याला थांबवलं.

चंद्रप्रभाबाईंकडे तो एकटाच गेला. मी येते म्हटलं तर नको म्हणाला. परत आल्यावर काय झालं ते त्याने थोडंथोडं सांगितलं. बाईंनी बसायला सांगितलं, चहा विचारला नाही. त्याने सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "मी आयुष्यभर उभं राहून शिकवलं. आता खुर्ची दिली आहे. खुर्चीतून मागच्या बाकावरच्या मुली दिसत नाहीत." मग त्याला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का?" तो म्हणाला, "शंका होती." त्या म्हणाल्या, "मग या आता."

उद्या त्याला गाडीत बसवते. कारखान्यात गेलं की काय होईल त्याला माहीत आहे. त्याला घरात घे. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नको.

विनया


गुडगाव,
२८ सप्टेंबर १९९८

ती. विनयाताईंना,
सा. नमस्कार.

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

हॉलंडचे लोक आले. साहेबांनी शार्दूलला बजावलं होतं की फक्त चकचकीत बाजू दाखवायची. त्याने त्यांना भट्टीपाशी नेलं, परत आलेली खोकी दाखवली आणि का परत आली तेही सांगितलं. साहेब मागेच उभे होते. पाहुणे सभ्यपणे बोलले, जेवले आणि सही न करता गेले. दुसऱ्या भट्टीला वेगळा जनरेटर बसवा, मग बघू, म्हणाले. जनरेटर आता बसतो आहे. शार्दूलला काढलं नाही, कारण ती भट्टी दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही. पण त्याच्यावर नवा मॅनेजर आणला आहे. त्याचं टेबल केबिनमधून उचलून पट्टीच्या शेजारी ठेवलं आहे. वीज गेली की आता तो स्वतः उठून पट्टी कापतो.

तारा मिळाल्यावर दोन हॉस्पिटलांनी कळवलं की त्यांच्याकडेही टोकं मोडली होती. त्यांनी हात चुकला समजून सोडून दिलं होतं. तिथेही कोणी मीनाक्षी असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. दोन्हीकडे मी लिहिलं आहे.

मला परत घेतलं नाही. मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांचा नवा कारखाना निघाला आहे, तिथल्या चाचणी विभागात लागले. कंपनीची बस नाक्यावरून घेते. काम तेच. उचलायचं, मोजायचं, वाकवायचं. आता मी मूठभर उचलून थांबत नाही. वरचे लोक कुरकुरतात.

घरात आम्ही बोलतो, पण कामापुरतं. गेल्या रविवारी मी कपडे वाळत घालत होते, तो बाल्कनीत येऊन उभा राहिला. म्हणाला, "त्या सोमवारी तू मला सांगून का नाही गेलीस?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

मला वाटलं तो नाही म्हणेल. भांडेल. मी तयारीत होते. तो कठड्याला धरून उभा राहिला. खाली मुलं सायकली फिरवत होती. तो म्हणाला, "हो."

एवढंच. मग त्याने बादलीतली चादर उचलली आणि दुसरं टोक माझ्याकडे दिलं.

ताई, तो भाऊबीजेला कराडला यायचं म्हणतो आहे. तुम्हाला विचारायचं धैर्य त्याला होत नाही, म्हणून मी विचारते. तुम्ही नको म्हणालात तरी आम्हाला समजेल. अगदी खरं ते लिहा.

तुमची,
स्वरूपा


कराड,
५ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

या. दोघंही या.

मनातून सगळं गेलं आहे का, ते मला सांगता येत नाही. काही दिवस जातं, काही दिवस सकाळी आरशापाशी परत येतं. पण भाऊबीज चुकवावी असं वाटलं नाही.

शार्दूलला एक सांगून ठेव. एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही. चहा ओतताना कपाबाहेर सांडतो. ओवाळताना निरांजन त्याच्या तोंडाच्या फार जवळ गेलं तर त्याने दचकून मागे सरू नये. नुसतं "ताई, जवळ आलं" म्हणावं. मी हात मागे घेईन.

विनया